एक हजार तीन

रात्रीचे पावणेतीन. किसुमूत वीज आहे,
हीच आजची मोठी बातमी.
पंखा आणि सर्व्हर एकाच सुरात कुरकुरतात
आणि पडद्यावर चौथ्यांदा तीच ओळ:
त्रुटी तेरा. परवानगी नाकारली.

मागितलं काय होतं मी? एक पॅकेज.
उपग्रहाची चित्रं वाचणारं, नव्या आवृत्तीतलं.
जुन्याला परवापासून त्या चित्रांची लिपीच कळेना.
साडेपाचला नकाशा निघायला हवा:
जलपर्णी आज सरोवरात कुठे सरकली,
कुठल्या धक्क्याचं तोंड बुजलं,
दुंगाच्या होड्यांनी परतताना कुठून वळायचं.

मग सुडो. सगळेच करतात.
दार उघडेना की साहेबाचं नाव घ्यायचं.
मशीन म्हणालं, हा पायथन माझ्या पोटातला,
याला हात लावू नका, आपली सोय बाहेर बघा.
हुकमाला एक शेपूट जोडलं की तेही गप्प बसतं,
पण त्या शेपटाच्या नावातच ‘मोडा’ आहे.
किप्रोनोने मागच्या वर्षी जोडलं होतं,
तीन दिवस सर्व्हर उठला नव्हता.

म्हणून निमूट यादी मागवली:
कुठलं फोल्डर, कुणाचं, कुणाला किती मुभा.
प्रत्येक ओळीत मालकाचं नाव असतं.
इथे नाव नव्हतं. आकडा होता.
१००३.

नाव काढलं की मशीन आकडा दाखवतं.
मुख्यालयाने कंत्राट वाढवलं नाही,
महिनाअखेरीस खातं पुसलं,
ओळखपत्र ठेवून घेतलं,
खुर्ची लेखा विभागात गेली.
नऊशे बारा फायलींना कुणी कळवलंच नाही.
त्या अजून म्हणतात, आम्ही एक हजार तीनच्या.
म्हणजे ओबुराच्या.
आणि आम्हा बाकीच्यांसाठी शेवटची तीन चिन्हं:
वाचा,
मग लिहिण्याच्या जागी आडवी रेघ,
मग चालवा.

मालकी बदलायचा हुकूम मी टाइप केला.
रूटच्या जोरावर, फोल्डरच्या तळापर्यंत,
सगळीकडे आवुओर, आवुओर, आवुओर.
बोट एंटरवर.
मग का कोण जाणे, फोन उचलला.

पाचव्या रिंगला लागला. पलीकडे पाणी,
मोटारीची घरघर, जाळं ओढणाऱ्याच्या शिव्या.
ओबुरा हल्ली ओमेना धरतो,
चंद्र नसलेल्या रात्री, दिवे तरंगत ठेवून.
“तेरा?” तो हसला. “सुडो मारलास ना?”
मी गप्प.
“माझ्या घरात भांडी कशाला लावतेस?
वेगळी चूल मांड. तुझ्या फोल्डरात व्हेन्व कर,
त्यात हवं ते शिजव.
माझी स्क्रिप्ट आहे तिथूनच चालव.
आणि तो शून्य पूर्णांक बेचाळीस बदलू नकोस,
दुंगाच्या अंगाला टेकडीची सावली…”
रेंज गेली.

चूल काही पहिल्या फुंकरीला पेटली नाही.
कंपायलर कुठल्याशा हेडर फाइलसाठी रुसला,
ती आणली, तर डिस्क भरलेली,
कुणाचे तरी लग्नाचे व्हिडिओ, चार जीबी.
सव्वाचारला तो एक शब्द उमटला: यशस्वी.
कुणाची परवानगी लागली नाही.
माझ्याच खोलीत मी माझाच डबा उघडला होता.

त्याची स्क्रिप्ट उघडून वाचली, मुभा होती तेवढीच.
शेजारी प्रत करून घेणार होते,
पण प्रत केली की मालक बदलतो,
आकड्याच्या जागी माझं नाव आलं असतं.
राहू दे म्हटलं. चूल माझी, कढई त्याची.
बेचाळीसला हात लावला नाही.

पाच वाजून बावीस. नकाशा गेला.
दुसऱ्या खिडकीत हुकूम अजून तसाच उभा,
एंटरची वाट बघत.
एकेक अक्षर मागे घेत पुसला.

बाहेर सरोवर अजून काळं. दूरवर दिव्यांची रांग,
त्यातला एक हजार तीन कुठला, इथून कळत नाही.

पावणेसहाला मेसेज:
मिळाला. उत्तरेकडून वळतोय.
ओमेना हवी तर डबा घेऊन ये,
झाकणाचा आण.